एदोचा पाऊस, अजिंठ्याचा कातळ

एदो शहराला मीठ यायचं ग्योतोकुहून. १५९० साली तोकुगावा इएयासु हा सरदार एदोत येऊन बसला तेव्हा आजचं टोकियो म्हणजे खाडीकाठची एक दलदलीची वस्ती होती. राजधानी उभी करायची तर आधी मिठाची सोय हवी, हे त्याने ओळखलं. मिठागरं खाडीच्या पूर्वेला, ग्योतोकु गावाजवळ होती. तिथून उघड्या पाण्यातून होड्या आणण्यात धोका होता, म्हणून त्याने किनाऱ्याच्या आतून सरळ कालवा खणवला. त्याचं नाव ओनागी. अडीचशेहून अधिक वर्षांनी, १८५६ मध्ये, उतागावा हिरोशिगे या चित्रकाराने त्या कालव्याचं एक लहानसं चित्र काढलं. ते लाकडी ठशांनी छापलं गेलं आणि एदोच्या बाजारात विकलं गेलं.

चित्रात मीठ दिसत नाही. काठावरच्या जुन्या पाइन वृक्षाची फांदी पाण्यावर ओणवी झाली आहे. तिच्याखालून एक प्रवासी होडी चालली आहे आणि होडीतला एक माणूस बाहेर झुकून आपलं हातपुसणं पाण्यात बुचकळतो आहे. बस, एवढंच. उकाड्याचे दिवस असावेत. ज्या कालव्यावर शहराचं पोट अवलंबून होतं त्याचं चित्र काढताना हिरोशिगेला सरकारी नाके किंवा मालाच्या राशी महत्त्वाच्या वाटल्या नाहीत. त्याला त्या माणसाला मिळालेला घडीभराचा गारवा महत्त्वाचा वाटला.

मी मीरा रोडला राहतो. भाईंदरकडे जाताना रुळांच्या पलीकडे जी मिठागरं अजून शिल्लक आहेत त्यांचे वाफे, त्यांतलं आभाळ, कडेने चालणाऱ्या शेकाट्या हे सगळं रोज लोकलच्या दारातून दिसतं. मुंबईच्या मिठाची एक मोठी वाट याच खाड्यांतून गेली. म्हणून ओनागीच्या चित्रापाशी मी जरा जास्त थांबतो. मिठाच्या वाटेवरच्या माणसाचं साधं सुख कोणीतरी कोरून ठेवलं, याचं मला मोल वाटतं. आपल्याकडच्या मिठाच्या वाटेचं असं चित्र मला कुठे सापडलेलं नाही.

जपानच्या या छापील चित्रांना उकियो-ए म्हणतात. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात हिशिकावा मोरोनोबुच्या हाताने त्यांना रूप आलं. सुरुवातीला ती काळ्या शाईची होती, फार तर वरून हाताने रंग भरायचे. पूर्ण रंगीत छपाई आली १७६५ च्या सुमारास आणि तिला निमित्त झालं दिनदर्शिकेचं. जपानी चांद्र वर्षात काही महिने तीस दिवसांचे, काही एकोणतीस दिवसांचे असत आणि कोणता महिना मोठा, कोणता लहान हे दरवर्षी बदले. दिनदर्शिका छापायचा हक्क सरकारमान्य प्रकाशकांकडेच होता. मग एदोतल्या हौशी श्रीमंतांनी पळवाट काढली. सुंदर चित्रं काढवून घ्यायची आणि मोठ्या-लहान महिन्यांचे आकडे किमोनोच्या नक्षीत किंवा कमरपट्ट्याच्या वेलबुट्टीत लपवायचे. नवीन वर्षाला अशी चित्रं एकमेकांना द्यायची, त्यांची चढाओढ लावायची. या चढाओढीत पैशाकडे कोणी पाहिलं नाही. सुझुकी हारुनोबुने अनेक ठशांची, अनेक रंगांची चित्रं त्याच वेळी केली आणि ती कला हौशी मंडळींच्या बैठकीतून थेट दुकानात आली.

हे काम एका माणसाचं नव्हतं. चित्रकार पातळ कागदावर रेखाटन करी. कोरणारा तो कागद डोंगरी चेरीच्या फळीवर पालथा चिकटवून रेषा तेवढ्या ठेवी, बाकी लाकूड काढून टाकी. यात मूळ रेखाटन नष्ट होई. मग प्रत्येक रंगाला एक वेगळी फळी. छापणारा ओलसर कागद त्या फळीवर ठेवून बांबूच्या सालपटात गुंडाळलेल्या चकतीने पाठीमागून घासे. फळीच्या कोपऱ्यात आणि कडेला दोन खुणा कोरलेल्या असत. कागद दर वेळी त्या खुणांना टेकला की दहावा रंगही केसभर हलत नसे. या सगळ्यांना कामाला लावणारा, भांडवल घालणारा आणि लोकांना काय हवं ते हेरणारा तो प्रकाशक. एका चित्राची किंमत साधारण सोबा नावाच्या शेवयांच्या एक-दोन वाडग्यांएवढी. सुतार, मासेवाली, गावाकडे परतणारा प्रवासी, कोणीही ते घेऊ शके.

लोकांना काय हवं होतं? आधी करमणूक. काबुकीचे नट, सुमोचे पैलवान, चहाघरातल्या देखण्या मुली, गणिका. नवं नाटक लागलं की नटाचं चित्र लगेच दुकानात. शाराकु नावाच्या चित्रकाराने १७९४-९५ मध्ये जेमतेम दहा महिन्यांत नटांची शंभरावर चित्रं केली आणि तो नाहीसा झाला. मुलांसाठी कापून चिकटवायचे खेळ छापले जात, घरात बसून खेळायचे सोंगट्यांचे पट छापले जात, उन्हाळ्यात हातपंख्यावर लावायची चित्रं छापली जात. पंख्याची चित्रं वापरून फाटून गेली, म्हणून आज ती दुर्मीळ आहेत.

निसर्ग या करमणुकीपासून वेगळा नव्हता, हे मला या चित्रांतलं सगळ्यात मोठं वाटतं. शोगुन योशिमुनेने १७२० च्या सुमारास असुकायामा टेकडीवर चेरीची झाडं लावली ती सामान्य लोकांनी यावं म्हणून. चित्रांत त्या झाडांखाली चटया पसरलेल्या आहेत, डबे उघडले आहेत, कोणी गातं आहे, कोणाला चढली आहे. बर्फ बघायला जायचं, चंद्र बघायला जायचं, काजवे बघायला जायचं. पाचव्या महिन्याच्या २८ तारखेला सुमिदा नदी उन्हाळ्यासाठी खुली होई. र्योगोकु पुलावर माणसांची भिंत उभी राही आणि आभाळात दारूकाम सुरू झालं की लोक ते करणाऱ्या दुकानांची नावं घेऊन ओरडत, ‘तामाया!’, ‘कागिया!’ हिरोशिगेने त्या रात्रीचं चित्रही काढलं आहे. निर्मनुष्य डोंगर आणि निर्मनुष्य समुद्र या चित्रांत फार थोडे. होकुसाई या चित्रकाराची जगभर गाजलेली लाट बघा. लाटेखाली तीन होड्या आहेत आणि त्यांत वल्ह्यांवर वाकून बसलेली माणसं आहेत. या वेगाने चालणाऱ्या होड्या ताजी मासळी बाजारात पोचवत. लाट आणि मागचा फुजी पर्वत सगळ्यांना दिसतात, होडीतल्या माणसांकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही.

निसर्गचित्रांना एकोणिसाव्या शतकात जो बहर आला त्याची कारणं बाजारातली आणि राजकारणातली होती. रस्ते सुरक्षित झाले होते, इसेच्या तीर्थयात्रेला लाखांनी लोक निघत होते, प्रवासाच्या विनोदी कादंबऱ्या खपत होत्या. युरोपात तयार झालेला प्रशियन निळा रंग नागासाकीच्या बंदरातून येई. १८३० च्या आसपास तो स्वस्त झाला आणि न विटणारं पाणी, न विटणारं आभाळ छापता येऊ लागलं. होकुसाईची फुजीची छत्तीस दृश्यं याच निळ्यावर उभी आहेत. नाव छत्तीसचं, पण मागणी एवढी की प्रकाशकाने आणखी दहा काढवून घेतली. १८३३-३४ मध्ये हिरोशिगेच्या तोकाइदो रस्त्यावरच्या त्रेपन्न मुक्कामांनी त्याचं नाव घरोघर नेलं.

दुसरं कारण धाकाचं. चित्रांवर सरकारचा डोळा कायम असे. १८०४ मध्ये उतामारो या चित्रकाराने हिदेयोशी या जुन्या सत्ताधीशाची चित्रं काढली म्हणून त्याच्या हातांत पन्नास दिवस बेड्या पडल्या. १८४२ च्या सुधारणांत तर नट आणि गणिका यांची चित्रंच बंद झाली. प्रकाशकांचा मोठा धंदा बसला. कुनियोशी या चित्रकाराने मग भिंतीवर पोरांनी कोळशाने ओढलेल्या रेघोट्यांसारखे नटांचे चेहरे काढले. माणसांची कामं त्याने मांजरांना आणि गोल्डफिशना दिली. इतरांनी फुलं, पक्षी, रस्ते, नद्या जवळ केल्या. आपल्याला आज निवांत वाटणाऱ्या कित्येक निसर्गचित्रांच्या मागे हा बंदीहुकूम आहे.

१८५५ च्या नोव्हेंबरात एदोला मोठा भूकंप झाला, पाठोपाठ आगी लागल्या. पुढच्याच वर्षी हिरोशिगेने एदोची शंभर प्रसिद्ध दृश्यं काढायला घेतली. ओनागीचं चित्र त्यातलंच. शहराची डागडुजी चाललेली आणि हा माणूस शहराची सुखं एकेक करून नोंदवतो आहे. १८५७ चं पुलावरच्या पावसाचं चित्र त्या मालिकेचा कळस आहे. आताके भागाजवळचा लाकडी पूल, वर काळा ढग, अचानक कोसळलेली सर. पुलावरची माणसं वाकून पळताहेत, एका छत्रीत काही जण दाटले आहेत, एकाने डोक्यावर चटई घेतली आहे. नदीत एकटा नावाडी ओंडक्यांचा तराफा रेटतो आहे. त्याला पळायला जागा नाही. पावसाच्या रेषा दोन वेगवेगळ्या फळ्यांनी, किंचित वेगळ्या कलाने छापल्या आहेत, म्हणून ती सर हलल्यासारखी वाटते. रेषेएवढ्या बारीक धारा उंच उभ्या राहतील असं बाजूचं लाकूड कोरून काढायचं, म्हणजे हात किती स्थिर हवा! काळ्या ढगाची कड फळीवरचा रंग दर वेळी फडक्याने पुसून विरवायची, त्यामुळे दोन प्रतींतला ढग तंतोतंत सारखा नसतो. १८५८ च्या पटकीच्या साथीत हिरोशिगे गेला. तो एदो पुढे पुन्हा पुन्हा जळला, पण हा पाऊस हजारो घरांत गेलेला होता, म्हणून तो राहिला.

त्या काळात आपल्याकडे काय चाललं होतं? उतामारोच्या हातांत बेड्या पडल्या त्याच्या पुढच्याच वर्षी, १८०५ मध्ये, मिरजेला गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने भगवद्गीता छापली गेली. नाना फडणवीसांच्या वेळी पुण्यात कोरीवकाम शिकलेल्या एका तांबटाने तिची पानं तांब्याच्या पत्र्यावर कोरली होती. हात होता, कसब होतं, ठशाचं तंत्रही कळलं होतं. पण ते तिथेच थांबलं, कारण मागे बाजार नव्हता. चित्रं खरोखर घराघरात आली ती दगडी छापाने. पुण्याची चित्रशाळा १८७८ ची, रविवर्म्याचा गिरगावातला छापखाना १८९४ चा, तोच पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्यांनी देव आणि थोर पुरुष महाराष्ट्राच्या भिंतींवर नेले आणि हे काम फार मोठं होतं. पण जत्रा, तमाशाचा फड, बैलपोळा, आषाढातल्या पावसात पुलावरून पळणारी माणसं त्या कागदावर जवळजवळ आली नाहीत. हे मला मनापासून लागतं. कसर कलावंतांच्या हातात नव्हती. दोन पैशांत आपलाच पाऊस विकत घेणारं गिऱ्हाईक एदोत होतं, ते इथे तयार झालं नाही.

महाराष्ट्र आणि जपानी ठसे यांची गाठ पडली ती अजिंठ्यात आणि ती पडायच्या आधी बरंच काही जळून गेलं.

अजिंठ्याची भित्तिचित्रं नकलून घ्यायचा पहिला मोठा उद्योग रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने १८४४ पासून केला. त्याची जवळजवळ सगळी चित्रं १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाली. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून पेस्तनजी बोमनजींसारखे विद्यार्थी घेऊन वर्षानुवर्षं लेण्यांत काम करत राहिले. त्यांच्याही बऱ्याच नकला १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात आगीत गेल्या. वाचला तो ग्रिफिथ्सचा छापील ग्रंथ. १८९६ पासून दोन खंडांत निघालेल्या त्या ग्रंथातली चित्रं अनेक प्रतींत होती, म्हणून अजिंठा जगाला दिसत राहिला.

तिसरी पाळी जपान्यांची. ओकाकुरा तेनशिन हा जपानी कलाविद्वान १९०२ मध्ये भारतात आला तेव्हा त्याने अजिंठा पाहिला. नाराच्या होर्युजी मंदिरातल्या बोधिसत्त्वांचं नातं या कातळाशी आहे, ही जाणीव जपानी विद्वानांत तेव्हापासून घट्ट झाली. १९१६ मध्ये रवींद्रनाथ जपानला गेले आणि त्यांच्या निमंत्रणावरून आराई कानपो हा चित्रकार कोलकात्याला, त्यांच्या जोराशांकोच्या घरी शिकवायला आला. १९१७-१८ मध्ये कानपो, नोसु कोसेत्सु आणि त्यांचे सहकारी अजिंठ्यात नकला करायला राहिले. जपानी कागदावर, जपानी कुंचल्याने, काळोख्या लेण्यात, बुबुळाच्या आणि बोटांच्या एकेका रेषेचा माग काढत. त्या नकला टोकियोच्या विद्यापीठात ठेवल्या गेल्या.

१ सप्टेंबर १९२३. दुपारचे बारा वाजायला दोन मिनिटं होती. घरोघर चुली पेटलेल्या होत्या आणि टोकियोभोवतीचा कांतो प्रदेश हादरला. भूकंपाहून आगीने जास्त माणसं नेली. एक लाखाहून अधिक. विद्यापीठाचं ग्रंथालय जळालं आणि अजिंठ्याच्या नकला राख झाल्या. शहरात दुसरीकडे वातानाबे शोझाबुरो या प्रकाशकाचं दुकान जळालं. उकियो-एची परंपरा फोटो आणि यंत्रछपाईपुढे मरायला टेकली असताना त्याने तिला नव्या चित्रकारांच्या मदतीने उभं केलं होतं. त्याच्या दुकानात हिरोशी योशिदा या चित्रकाराच्या पहिल्या काही चित्रांच्या फळ्या होत्या. त्याही गेल्या.

योशिदा तेव्हा ४६ वर्षांचा होता. क्युशूतल्या कुरुमेचा, तैलरंग आणि जलरंगांत नाव कमावलेला, डोंगर चढायचं वेड असलेला माणूस. भूकंपानंतर आपली आणि मित्रांची चित्रं विकायला तो पत्नी फुजिओसह अमेरिकेला गेला. फुजिओ स्वतःही कसलेली चित्रकार. तिथे लोक तैलचित्रांपेक्षा लाकडी ठशांची चित्रं जास्त आवडीने घेतात हे त्याने पाहिलं. १९२५ मध्ये परत येऊन त्याने स्वतःची कार्यशाळा काढली. कोरणारे आणि छापणारे कारागीर पगारावर ठेवले, स्वतः कोरायला शिकला आणि प्रकाशकाची जागाही स्वतःच घेतली. स्वतःच्या देखरेखीखाली छापलेल्या चित्रांच्या समासात तो तसा शिक्का मारी. जुन्या चित्रांना दहा-पंधरा छाप पुरत, योशिदाच्या चित्रांना सरासरी तीसहून अधिक लागत. त्याची खरी हौस होती ती प्रहरांची. १९२६ मध्ये त्याने शिडाच्या होड्यांचं एक चित्र त्याच फळ्या आणि वेगवेगळे रंग वापरून सहा वेळा छापलं. सकाळ, दुपार, धुकं, संध्याकाळ, रात्र, होड्या त्याच, पाणी तेच, फक्त उजेड बदललेला.

हा माणूस १९३० च्या अखेरीस आपल्या १९ वर्षांच्या मुलाला, तोशीला घेऊन भारतात आला. देशात तेव्हा मिठावरूनच रण पेटलेलं होतं. त्याच वर्षी मे-जूनमध्ये वडाळ्याच्या मिठागरांवर लोकांचे लोंढे चालून गेले होते, शिरोड्याला सत्याग्रह झाला होता, गांधीजी येरवड्यात होते. २६ जानेवारी १९३१ ला ते सुटले तेव्हा बापलेक या देशातच फिरत होते. कांचनगंगा, बनारस, आग्रा, उदयपूर, सांची, मदुराई आणि निजामाच्या राज्यातले अजिंठा-वेरूळ, असा तो लांबचा दौरा होता. परतल्यावर १९३१-३२ मध्ये भारत आणि आग्नेय आशियाची मालिका छापून झाली, एकूण ३२ चित्रांची. ताजमहाल त्याने होड्यांसारखाच प्रहराप्रहराने छापला. फतेहपूर सिक्रीचं चित्र मला त्यात सगळ्यात जवळचं. दगडी जाळीतून आत आलेला पिवळाजर्द उजेड, जमिनीवर पडलेली तिची नक्षी आणि त्या उजेडात बसलेली दोन माणसं. मोगल वैभव दाखवायला तो आला नव्हता. उन्हातून येऊन सावलीला टेकलेली माणसं त्याला दिसली. ओनागीच्या होडीतल्या माणसाकडे पाहणारी नजर हीच.

त्या ३२ चित्रांत अजिंठा आहे, वेरूळही आहे. कानपोने भिंतीवरची एकेक रेषा उतरवून घेतली होती. योशिदा तिथे प्रवासी म्हणून उभा राहिला आणि त्याने कातळातली जागा आणि उजेड घेतला. भूकंपाने एकाचं काम जाळलं आणि त्याच भूकंपाने दुसऱ्याला ठशांकडे वळवून अजिंठ्यापर्यंत आणलं. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातल्या चिनी-जपानी वस्तूंपुढे उभा राहिलो की मला नेहमी वाटतं, वेरूळचा हा जपानी ठसा आपल्या शाळांच्या भिंतींवर असायला हवा होता. छत्रपती संभाजीनगरच्या मुलांनी तरी तो पाहायलाच हवा.

कानपोची गोष्ट इथे संपत नाही. १९४० मध्ये होर्युजीच्या भित्तिचित्रांच्या नकला करायचं काम सुरू झालं तेव्हा अजिंठ्यात तयार झालेला हा हात एका तुकडीचा प्रमुख झाला. युद्धाच्या काळातही काम चालू राहिलं. १९४५ मध्ये कानपो वारला. २६ जानेवारी १९४९ च्या पहाटे होर्युजीच्या भित्तिचित्रांच्या दालनाला आग लागली आणि बाराशे वर्षांची मूळ चित्रं करपून गेली. अजिंठ्यात मूळ राहिलं आणि नकला जळाल्या होत्या. इथे मूळ जळालं आणि नकला राहिल्या. १९६७-६८ मध्ये दालन पुन्हा चित्रांनी भरलं तेव्हा त्या नकलांचाच आधार घेतला गेला.

योशिदाचं टोकियोतलं घर आणि कार्यशाळा युद्धातल्या बॉम्बवर्षावातून वाचली. फळ्याही वाचल्या. युद्धानंतर तिथे अमेरिकन अधिकारी आणि त्यांच्या बायका चित्रं बघायला, ठसा कसा उठतो ते शिकायला येऊ लागल्या. एप्रिल १९५० मध्ये हिरोशी योशिदा गेला. कार्यशाळा तोशीने चालवली आणि बापाच्या फळ्यांवरून तो पुढेही छाप काढत राहिला.